वाचक विचारतात: द्वेषाचा गुन्हा आणि बोलायचं स्वातंत्र्य

मागच्या अंकात हेट क्राइमवर एक छोटं टिपण आलं होतं. त्यात म्हणणं एवढंच होतं की एखाद्याला त्याचा धर्म, वंश, जात बघून निवडून मारलं तर बऱ्याच देशांत शिक्षा वाढते आणि ती वाढायलाच हवी. त्यावर पत्रांचा आणि मेल्सचा ढीग आला, बरेच जण चिडलेत, काही जण घाबरलेत, आणि बहुतेकांच्या मनात हेट क्राइम आणि हेट स्पीच (म्हणजे नुसतं द्वेषाचं बोलणं) यांची खिचडी झालेली दिसतेय. त्यातले काही प्रश्न इथे घेते.

प्रश्न: ताई, सरळ उत्तर द्या. मी कुणाचा तिरस्कार करतो ते माझ्या डोक्यात आहे, सरकारचा त्याच्याशी काय संबंध? डोकं फोडलं त्याची शिक्षा द्या की. पण द्वेषाने फोडलं म्हणून वर आणखी दोन-तीन वर्षं दिली तर ती वरची वर्षं विचारांचीच शिक्षा झाली ना?

उत्तर: हाच युक्तिवाद १९९३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात झालाय, त्यामुळे ती केसच सांगते, म्हणजे आपण हवेत बोलणार नाही. विस्कॉन्सिन राज्यातलं केनोशा शहर, ऑक्टोबर १९८९. काळ्या तरुणांचा एक घोळका एका सिनेमातल्या प्रसंगावर बोलत होता, त्यात प्रार्थना करणाऱ्या एका काळ्या मुलाला गोरा माणूस मारतो. बोलता बोलता पोरं तापली. मिचेल नावाच्या १९ वर्षांच्या मुलाने विचारलं, एखाद्या गोऱ्याला धरायचं का, आणि तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून १४ वर्षांचा एक गोरा पोरगा चाललेला दिसला. त्या पोराने कुणाचं काही म्हणजे काही केलं नव्हतं. मिचेलने बोट दाखवलं, घोळका धावला आणि पोराला इतकं मारलं की तो ४ दिवस कोमात होता. त्या गुन्ह्याला तिथे जास्तीत जास्त २ वर्षं होती, पण बळी वंश बघून निवडला असं ज्युरीने, म्हणजे खटला ऐकणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, ठरवल्यावर ही मर्यादा ७ वर्षांवर गेली आणि मिचेलला ४ वर्षं झाली.

विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च कोर्टाने तुम्ही म्हणताय तेच म्हटलं, की ही वरची शिक्षा विचारांना आहे, कायदा रद्द. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला आणि तोही एकमताने, नऊच्या नऊ न्यायाधीश. त्यांचं म्हणणं असं की मारहाण हे काही मत मांडणं नाही, आणि माणसाने गुन्हा का केला हे शिक्षा ठरवताना न्यायाधीश पूर्वीपासून बघत आलेत, पैशासाठी केलेला खून आणि रागाच्या भरात झालेला खून आपण एका मापाने मोजत नाहीच. दुसरं म्हणजे नोकरीतल्या भेदभावाचा कायदा बघा. मालक कामगाराला कामावरून काढू शकतो, पण वंश बघून काढलं तर ते बेकायदा ठरतं. तिथे आपण कधी म्हणतो का की मालकाच्या विचारांना शिक्षा झाली?

माझंही मत तेच आहे. तुमच्या डोक्यातला तिरस्कार घेऊन तुम्ही जन्मभर फिरा, कुणी विचारणार नाही. कायदा येतो तो तुम्ही हात उचलल्यावर, आणि मग तो हेही विचारतो की हा माणूस तुम्ही कशावरून निवडला. ती निवड हा तुमच्या कृतीचाच भाग आहे, कारण त्या १४ वर्षांच्या पोराच्या जागी दुसरा कुणी काळा पोरगा असता तर तो त्या दिवशी सुखरूप घरी गेला असता.

फक्त एक गोष्ट कबूल करायला हवी. निवड कशावरून केली हे शेवटी कळतं ते बहुतेक वेळा माणसाच्या बोलण्यावरूनच, आणि खरा धोका तिथे आहे. त्यावर एका वाचकाने नेमकं विचारलंय, ते पुढे घेते.

प्रश्न: एकच शंका. खुनाला आधीच जन्मठेप किंवा फाशी आहे. त्याच्यावर हेट क्राइम म्हणून आणखी काय देणार?

उत्तर: खुनात फार फरक पडत नाही हे खरंय. जून १९९८ मध्ये टेक्सासमधल्या जॅस्पर गावात जेम्स बर्ड या काळ्या माणसाला तिघांनी ट्रकला साखळीने बांधून फरफटत नेऊन मारलं. दोघांना फाशीची शिक्षा झाली, तिसऱ्याला जन्मठेप. त्याच वर्षी वायोमिंगमध्ये मॅथ्यू शेपर्ड हा विद्यार्थी समलिंगी होता म्हणून त्याला बेदम मारून थंडीत कुंपणाला बांधून टाकलं, तो गेला, मारणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली. या दोघांच्या नावाने २००९ मध्ये अमेरिकेत केंद्राचा कायदा झाला, त्यात लिंगभाव, लैंगिक कल आणि अपंगत्व यांचाही समावेश झाला, आणि नुसत्या बोलण्यावर, मतांवर या कायद्याने बंदी येत नाही असंही त्यात लिहून ठेवलंय.

पण असे कायदे रोजच्या रोज कामाला येतात ते खुनात नाही, छोट्या गुन्ह्यांत. कुणाच्या दारावर काळा रंग फासला, प्रार्थनास्थळाची काच फोडली, रस्त्यात थोबाडीत मारली. साध्या हिशेबात हे किरकोळ नुकसान, थोडा दंड भरा आणि जा. आता ज्याच्या दारावर 'इथून निघून जा' असं रंगवलंय त्याचा विचार करा. त्याने दार पुसलं तरी तो रात्री झोपत नाही, त्याच्यासारखी शेजारची चार घरंही झोपत नाहीत, मुलांना खेळायला पाठवत नाहीत, कारण निरोप त्या सगळ्यांनाच होता. सुप्रीम कोर्टाने मिचेलच्या निकालात हे नुकसान मोजलंय, की अशा गुन्ह्याने बळीला वेगळी इजा होते, समाजात घबराट पसरते आणि बदल्याची साखळी सुरू होऊ शकते. काचेची किंमत आणि त्या भीतीची किंमत एकच धरणं मला तरी अन्याय वाटतो.

प्रश्न: मी वाचलं की अमेरिकेत काळ्या कुटुंबाच्या अंगणात क्रॉस जाळणाऱ्याला कोर्टाने सोडलं, तेही फ्री स्पीचच्या नावाखाली. क्रॉस जाळणं म्हणजे तिथे सरळसरळ 'तुम्हाला मारू' असं सांगणं ना? मग हा न्याय कुठला? वाचून इतका राग आला की मी लिहायला बसलो.

उत्तर: राग समजू शकते. १९९० मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात काही पोरांनी खुर्चीचे मोडके पाय जोडून क्रॉस बनवला आणि रात्री एका काळ्या कुटुंबाच्या कुंपणाच्या आत नेऊन पेटवला. शहराचा एक नियम होता, की वंश, धर्म, लिंग वगैरेंच्या कारणावरून लोकांना संताप येईल, धास्ती बसेल असं चिन्ह कुठेही ठेवलं तर गुन्हा. त्यातल्या एका पोरावर तो लावला आणि १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने नियमच रद्द केला.

पण निकालात काय म्हटलंय ते नीट बघा. क्रॉस जाळणं ठीक आहे असं एकाही न्यायाधीशाने म्हटलं नाही, उलट ते निंद्य आहे असं स्पष्ट लिहिलं आणि हेही लिहिलं की धमकीचा, आग लावल्याचा, मालमत्तेच्या नुकसानीचा कायदा शहराच्या हातात होताच, तो वापरता आला असता. नियमाची चूक ही की त्याने कृत्य पकडण्याऐवजी आशय पकडला. ठराविक विषयांवरचा संताप गुन्हा आणि बाकीच्या विषयांवरचा चालेल, म्हणजे कुठल्या बाजूने शिव्या घालायच्या हे सरकार ठरवणार. काही न्यायाधीशांना वेगळाच प्रश्न पडला होता, की 'संताप येईल' हे माप भलतंच मोठं आहे, कारण संताप तर कशानेही येतो.

याची पुढची कडी २००३ ची व्हर्जिनियाची केस. तिथे कोर्टाने सांगितलं की कुणाला घाबरवायच्या इराद्याने क्रॉस जाळणं हा राज्य सरकारने गुन्हा ठरवला तर तो चालेल, कारण ती धमकी आहे आणि धमकीला स्वातंत्र्य नसतं. पण 'क्रॉस जाळला म्हणजे इरादा होताच असं समजा' हे कलम मात्र काढून टाकलं. त्या खटल्यात दोन वेगवेगळ्या घटना एकत्र आल्या होत्या. एकीकडे दोघांनी काळ्या शेजाऱ्याच्या अंगणात रात्री क्रॉस पेटवायचा प्रयत्न केला होता. दुसरीकडे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेच्या लोकांनी मालकाच्या परवानगीने त्याच्या शेतात सभा घेऊन क्रॉस जाळला होता, शिसारी येईल असाच प्रकार, पण ठरवून एखाद्याला धमकावलं होतं का, हा प्रश्न तिथे पुराव्याने सोडवायला लागतो, गृहीत धरता येत नाही. मला ही २००३ ची रेघ बरोबर वाटते. अंगणात पेटवलेला क्रॉस त्या घरातल्या माणसांना उद्देशून असतो आणि त्यांना तो वाचता येतो.

प्रश्न: पार्किंगवरून भांडण झालं, हातघाई झाली आणि तोंडातून समोरच्याच्या समाजावरून शिवी गेली, तर लगेच हेट क्राइम का? आणि दहा वर्षांपूर्वी मी फेसबुकवर काहीतरी मूर्खासारखं लिहिलं असेल तर तेही माझ्याविरुद्ध काढतील का? मला याचीच भीती वाटते.

उत्तर: मघाशी म्हटलं तो नेमका प्रश्न हा, आणि आलेल्या सगळ्या पत्रांत मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

देशादेशांत माप वेगळं आहे. एक माप असं की गुन्हा घडला तोच मुळात द्वेषापोटी, वंश किंवा धर्म बघून माणूस निवडला. या मापाने तुमच्या पार्किंगच्या भांडणाचं कारण पार्किंग आहे, शिवी नंतर आली, त्यामुळे हेट क्राइम सिद्ध करणं अवघड. दुसरं माप ब्रिटनचं, १९९८ च्या कायद्यातलं. तिथे द्वेषापोटी केलं असेल तर येतंच, पण गुन्हा करताना किंवा लगेच आधी-नंतर वंशावरून, धर्मावरून वैर 'दाखवलं' असेल तरी येतं, मग भांडण सुरू कशावरूनही झालेलं असो. एका केसमध्ये मोटरवर चालणाऱ्या स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाचं तीन स्पॅनिश बायकांशी वाजलं, तो त्यांना 'परदेशी' म्हणून शिव्या देत तुमच्या देशात चालते व्हा म्हणाला आणि त्यांच्या मागे लागला. त्याच्या वकिलांचं म्हणणं की परदेशी हा काही वंश नाही. २००७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, सांगितलं की या कायद्यापुरता तोही गट धरला जाईल आणि शिक्षा कायम ठेवली. साध्या मारहाणीला तिथे ६ महिन्यांपर्यंत शिक्षा होती तर वांशिक वैर जोडलं गेलं की २ वर्षांपर्यंत, म्हणजे तोंडातून गेलेल्या एका शब्दावर बरंच काही ठरतं. मला स्वतःला हे दुसरं माप जरा सैल वाटतं. रागात माणूस समोरच्याला जिथे लागेल तिथे बोलतो, जाडेपणावरून बोलतो, आईवरून बोलतो, आणि तो कमरेखालचा वार असला तरी त्यावरून माणूस निवडला असं म्हणता येत नाही. अर्थात ज्याला ती शिवी रोज ऐकावी लागते तो म्हणेल की कारण पार्किंग असो नाहीतर आणखी काही, शेवटी माझ्या वाट्याला तेच येतं, आणि त्याचं म्हणणं मला झटकून टाकता येत नाही.

आता जुन्या पोस्टचं. अमेरिकेत १९९२ ची एक केस आहे, डॉसन नावाच्या खुन्याची. तो गोऱ्यांच्या वर्चस्ववादी टोळीचा सदस्य आहे हे सरकारी वकिलांनी शिक्षेच्या वेळी ज्युरीला सांगितलं. पण ज्या बाईचा खून झाला तीही गोरीच होती, टोळीचा आणि खुनाचा काही संबंधच नव्हता. सुप्रीम कोर्ट म्हणालं हे चालणार नाही, यातून फक्त त्याची मतं सिद्ध होतात, गुन्ह्याबद्दल काही कळत नाही. म्हणजे आरोपी खुनी असला, त्याची मतं किळसवाणी असली, तरी मतं आणि गुन्हा यांच्यात धागा दाखवायला लागतो. दहा वर्षांपूर्वीच्या पोस्टमधून तो धागा ओढणं कठीण आहे. पण मारायच्या आदल्या रात्री ग्रुपवर 'उद्या त्यांच्यातला एक तरी धरू' असं लिहिलं असेल तर तो पुरावा आहे आणि तो यायलाच हवा, तिथे स्वातंत्र्याची ढाल पुढे करू नका.

आणखी एक संरक्षण आहे ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९९४ च्या डिसेंबरमध्ये न्यू जर्सीत एकाने नव्याने राहायला आलेल्या काळ्या कुटुंबाच्या घरावर गोळ्या झाडल्या. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त १० वर्षं होती, न्यायाधीशाने स्वतःच ठरवलं की हे वंशद्वेषातून झालंय आणि १२ दिली. २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ही पद्धत मोडीत काढली, कमाल शिक्षेच्या वर जायचं तर द्वेषाची गोष्टही ज्युरीसमोर, वाजवी शंकेच्या पलीकडे सिद्ध झाली पाहिजे. न्यायाधीशाला 'असावं बहुतेक' असं वाटलं म्हणून चालणार नाही. तुमच्या भीतीवर उपाय हा आहे, पुराव्याची पायरी उंच ठेवणं. त्यासाठी कायदाच नको म्हणायची गरज नाही.

प्रश्न: हे कायदे फक्त अल्पसंख्याकांसाठी असतात, आमच्यासारख्यांना कोण विचारतं?

उत्तर: मिचेलच्या केसमध्ये मार खाणारा पोरगा गोरा होता आणि शिक्षा झालेला काळा, एवढं पुरे. बहुतेक देशांतला असा कायदा 'वंश', 'धर्म' असं लिहितो, कुठला वंश आणि कुठला धर्म ते लिहीत नाही. काही कायदे मुद्दाम एका गटासाठी असतात आणि त्याला तसंच मोठं ऐतिहासिक कारण असतं, पण तो अपवाद.

प्रश्न: मॅडम, तुम्ही सगळं मारहाणीपाशी आणून थांबवता. पण मारहाण होते ती आधी महिनोन्‌महिने विष पेरलेलं असतं म्हणून. मग विष पेरणाऱ्यालाच का धरू नये? हेट स्पीच हाच गुन्हा करा ना, सगळा प्रश्न मुळातून मिटेल. की भाषण करणाऱ्याचे हात स्वच्छ आणि ऐकून दगड मारणारा पोरगा आत, हेच चालू राहणार?

उत्तर: तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या वाक्याने मला खरंच अस्वस्थ केलं, कारण ते खरं आहे. रवांडात १९९४ मध्ये रेडिओवरून लोकांची नावं घेऊन, ते कुठे आहेत ते सांगून त्यांना मारायला लावलं गेलं. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये त्या रेडिओशी आणि एका वृत्तपत्राशी संबंधित तिघांना दोषी ठरवलं, २००७ च्या अपिलात काही आरोप गळाले, शिक्षा कमी झाल्या, पण बोलणाऱ्याला हिशेब द्यावा लागला. हे व्हायलाच हवं होतं.

पण 'चिथावणी' आणि 'द्वेषाचं बोलणं' यात अंतर आहे आणि जग या अंतरावरच भांडतंय. अमेरिका एका टोकाला. तिथे १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालापासून असं आहे की बोलणं तात्काळ हिंसा घडवण्याच्या रोखाने असलं पाहिजे आणि त्यातून ती घडण्याची शक्यताही असली पाहिजे, तरच गुन्हा. त्यामुळेच २०११ मध्ये एका चर्चच्या लोकांनी सैनिकाच्या अंत्ययात्रेपाशी उभं राहून घाणेरडे फलक धरले तरी कोर्टाने त्यांना संरक्षण दिलं. जर्मनी दुसऱ्या टोकाला, लोकसमूहाविरुद्ध द्वेष चेतवला, ज्यूंचा संहार झालाच नाही म्हटलं तर तुरुंग, ५ वर्षांपर्यंत, आणि त्यांचा इतिहास बघता मी त्यांना शहाणपण शिकवायला जाणार नाही. कॅनडा मध्ये कुठेतरी. तिथे एक शाळामास्तर वर्गात मुलांना ज्यूंविरुद्ध शिकवायचा, १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्यावर लावलेला कायदा चार विरुद्ध तीन अशा काठावरच्या मतांनी टिकवला. पण त्या कायद्यात खाजगी बोलणं वगळलंय, सत्य असेल तर बचाव आहे, प्रामाणिक धार्मिक मताला बचाव आहे, आणि ॲटर्नी जनरलच्या संमतीशिवाय खटलाच भरता येत नाही.

मी स्वतः कुठे उभी आहे ते सांगते. 'मुळातून मिटेल' यावर माझा विश्वास नाही. हिटलरच्या आधीच्या जर्मनीतही धर्मावरून अपमान केल्याचे कायदे होते, ज्यूंविरुद्ध साप्ताहिक चालवणाऱ्या युलियुस श्ट्रायशरवर खटले झाले, तो तुरुंगातही गेला, आणि बाहेर येऊन आणखी मोठा झाला. आणि दुसरी गोष्ट जी आपल्यासारख्या चांगल्या हेतूच्या लोकांच्या लक्षात येत नाही, कायदा लिहितो एक जण आणि वापरतो दुसराच. ब्रिटनने १९६५ मध्ये वंशद्वेष पसरवण्याविरुद्ध कायदा केला तो काळ्या आणि आशियाई लोकांना वाचवायला, आणि १९६७ मध्ये त्याखाली वर्षभरासाठी आत गेला तो मायकेल एक्स, काळ्यांच्या चळवळीतला माणूस. त्याचं भाषण भयंकर होतं, त्यात मी त्याची बाजू घेत नाही, पण त्या काळात गोरे पुढारी जे बोलत होते त्याचं काय झालं हेही विचारावं लागेल. भाषणाचा कायदा जितका सैल तितका तो सत्तेतल्या माणसाच्या सोयीचा, हे कुठल्याही देशात, कुठल्याही पक्षाच्या राज्यात बघा.

म्हणून मला संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या रबात आराखड्यातलं माप पटतं. तिथे सहा गोष्टी बघायला सांगितल्यात, परिस्थिती काय आहे, बोलणारा कोण आहे, त्याचा इरादा, नेमकं काय आणि कसं बोलला, किती लोकांपर्यंत गेलं, आणि त्यातून नुकसान होण्याची शक्यता किती. यात बोलणारा कोण हे माप फार मोलाचं आहे. ज्याच्यामागे हजारो माणसं उभी आहेत तो दंगलीच्या तोंडावर जे बोलतो आणि एखादा एकटा माणूस चार लोकांत जे बरळतो ते शब्द अक्षरशः सारखे असले तरी एकच नाहीत. तुमच्या भाषण करणाऱ्याला याच मापाने धरा, दगड मारणाऱ्या पोराच्या आधी धरा. पण दुखावणारं प्रत्येक बोलणं त्यात ढकलू नका.

प्रश्न: भारतात हेट क्राइमचा कायदा आहे का? एका ओळीत सांगा.

उत्तर: एका ओळीत नाही जमणार. मारहाण, नासधूस अशा सगळ्या गुन्ह्यांना लागू होईल असा एकच कायदा नाही, तुकडे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०३(२) आहे, पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर फाशी किंवा जन्मठेप. धर्म हा शब्द यादीत थेट नाही, तो असायला हवा होता. आणि चार जणांनी केला तर? तर साधं खुनाचं कलम.

सगळ्यात जवळचा कायदा म्हणजे १९८९ चा ॲट्रॉसिटी. त्यातला एक बदल या चर्चेत फार महत्त्वाचा आहे. १० वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा दलित किंवा आदिवासी व्यक्तीवर झाला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा वाढवणारं कलम आधी 'जातीच्या कारणावरून' असं म्हणायचं, त्यामुळे कोर्टात कारण सिद्ध व्हायचं नाही आणि ते वाढीव कलम गळून पडायचं. नंतर दुरुस्ती झाली, जानेवारी २०१६ पासून बळी त्या समाजाचा आहे हे 'माहीत असताना' केलं एवढं पुरे. म्हणजे मनातलं कारण शोधायची अट सोडून माहितीची अट आणली. फायदा उघड आहे, बळीची बाजू किती दुबळी असते ते माहीत असलेल्यांना तो पटेलच.

बोलण्याचं म्हणाल तर समाजांत वैर वाढवण्याविरुद्धचं जुन्या दंड संहितेतलं कलम १५३अ आता न्याय संहितेत कलम १९६ झालंय. आणि २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्याचं ऑनलाइन लिखाणावरचं कलम ६६अ रद्द करताना चर्चा, प्रचार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या, बंदी फक्त तिसऱ्या पायरीवर येऊ शकते. हे वाक्य ऑनलाइन लिहिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं, आणि एफआयआर लिहिणाऱ्यांनीही.

प्रश्न: पोलिसांनी नुसती 'नोंद' करून ठेवली तर? गुन्हा नाही, पण नाव तर लागलं.

उत्तर: ही ब्रिटनची गोष्ट. तिथे गुन्हा नसलेल्या द्वेषाच्या घटनाही, कुणी तक्रार केली की नोंदवून ठेवायचे. एका माजी पोलिसाच्या ट्वीट्सची अशी नोंद झाली, पोलीस त्याच्या कामाच्या ठिकाणी जाऊन पोचले, तो कोर्टात गेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की त्या मार्गदर्शक सूचनांमुळे लोक बोलायला घाबरतील, त्या बेकायदा आहेत. मला निकाल योग्य वाटतो. तणाव कुठे वाढतोय हे कळायला आकडे जमवा, पण गुन्हा न केलेल्या माणसाच्या नावापुढे शेरा कशाला?

प्रश्न: आम्हाला दोन महिने मेसेज येतायत, 'तुमच्या लोकांना इथे राहू देणार नाही', आता घराचा फोटो पण पाठवला. घरातले म्हणतात दुर्लक्ष कर, बोलायचं स्वातंत्र्य आहे त्यांना. ताई, खरंच काही करता येत नाही का?

उत्तर: करता येतं, आणि दुर्लक्ष करू नका. घराचा फोटो पाठवून 'राहू देणार नाही' म्हणणं हे मत नाही, ती धमकी आहे आणि धमकी बोलायच्या स्वातंत्र्यात कुठल्याच देशात बसत नाही. सगळ्यात जास्त मोकळीक देणाऱ्या अमेरिकेतही २०२३ च्या निकालाप्रमाणे, समोरच्याला ही धमकी वाटेल हा धोका ओळखूनही माणूस बेफिकीरपणे पाठवत राहिला तर एवढ्यावर गुन्हा होऊ शकतो, प्रत्यक्ष मारायचा इरादा होता हे दाखवावं लागत नाही.

मेसेज डिलीट करू नका, रागाने उलट उत्तरही देऊ नका, तेच तुमच्याविरुद्ध वापरतात. नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, त्यांची एक प्रत घराबाहेरच्या विश्वासू माणसाकडे ठेवा आणि मूळ मेसेज फोनमध्ये तसेच राहू द्या, कोर्टात फोनच मागतात. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तक्रारीत 'ते आमच्या समाजाचा द्वेष करतात' असं मोघम लिहू नका, त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहा, कारण माणूस कशावरून निवडला हे पुढे त्या शब्दांवरूनच ठरणार आहे. फोटोत घर कुठल्या बाजूने दिसतंय, तो कुठून काढला असेल हेही लिहा. आणि तुमच्यासारखेच मेसेज आसपास आणखी कुणाला येत असतील तर त्यांना विचारा, सगळ्यांनी मिळून जा, एकट्याने जाऊ नका.